मिस्त्रीचं पावणेदोन फूट डोकं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. फूटपट्टी नव्हे. हा गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण फूटपट्टी शिकलेली असते, तिच्या अंगावर आकडे असतात. माझ्या अंगावर एकही आकडा नाही. माझी लांबी पावणेदोन फूट आहे हेसुद्धा मला एका पोलादी टेपने सांगितलं, आणि सांगतानाचा त्याचा सूर काही मला आवडला नाही.

माझं घराणं तसं बरं. मी एका दवाखान्याच्या दाराच्या चौकटीत होते. माणसं आत जाताना कण्हत जात आणि बाहेर येताना चिठ्ठीवरचं अक्षर लावत येत, असं मी चाळीस वर्षं पाहिलं. मग चौकट बदलली. चांगली लाकडं चांगल्या ठिकाणी गेली आणि मी उरले. खुर्चीच्या पायाला बारीक आणि जळणात घालायला जरा जास्तच बरी. अशा मधल्या लायकीच्या मंडळींचं पुढे काय होतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेलच. मला एका खुर्च्या करणाऱ्या मिस्त्रीने उचललं.

मिस्त्री तेव्हा तरुण होता, डावखुरा होता आणि त्याच्यापाशी आकडे टिकत नसत. आकडे त्याला कळायचे, पण कळल्यावर थांबायचे नाहीत. सतरा म्हणून डोक्यात घातलेला आकडा लाकडापर्यंत पोचेतो एकोणीस झालेला असायचा. शाळेत त्याचे पाढे सातापाशी अडले ते कायमचेच. त्यामुळे पहिल्याच वर्षी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंसाठी त्याने अशी खुर्ची केली की ठेंगण्या बाई वर चढून बसल्या आणि त्यांचे पाय हवेत लोंबू लागले.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, खुर्ची झकास आहे हो. फक्त उतरायला शिडी तेवढी द्या."

मिस्त्रीला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बाईंना बोलावून एका खोक्यावर बसवलं, मला त्यांच्या गुडघ्यामागे जमिनीवर उभं केलं, अंगठ्याच्या नखाने जागा धरली आणि पटाशीने माझ्या कडेवर एक खाच पाडली. टक. खाच कुणाची ते कळावं म्हणून शेजारी एक बारीकशी कात्री कोरली. आकड्याचं काही कामच उरलं नाही. त्या खाचेवरून केलेल्या खुर्चीत बाई बसल्या आणि त्यांची दोन्ही पावलं जमिनीला टेकली. बाई उठल्याच नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. चाळिशी गाठलेल्या बाईला खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा जमीन लागत होती. मित्रांनो, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन पावलांनी ठरवलं, आणि त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत, ते आज मानते.

आता मिस्त्रीने हे सरळ सगळ्यांना सांगायला काय हरकत होती? पण त्याला लाज वाटली. एवढा कारागीर आणि मापं काठीवर कोरून ठेवतो, असं लोक म्हणतील. म्हणून त्याच्या बायकोने त्याच्या विजारीला उजव्या पायात आतून एक लांब खिसा शिवून दिला. मी त्यात राहू लागले. मी खिशात असताना मिस्त्रीचा गुडघा वाकत नसे. लोक म्हणत, बिचाऱ्याचा पाय आखडलाय. माप घेताना तो गिऱ्हाइकाला खोक्यावर बसवून सांगायचा, "मान ताठ. नजर समोर खिडकीबाहेर, त्या पाण्याच्या टाकीकडे. हलू नका." गिऱ्हाईक इमानेइतबारे टाकीकडे बघायचं आणि मिस्त्री मागे बसून मला बाहेर काढायचा. टक असा आवाज आला की गिऱ्हाईक हळहळायचं, "मिस्त्री, गुडघा फार वाजतो हो तुमचा. तेल लावत जा."

असे तीस वर्षांत त्याच्याकडे तेलाचे सतरा प्रकार जमले.

माझ्या एका कडेवर बैठकीची मापं भरली, दुसऱ्या कडेवर कोपराची. न्हाव्याचा कंगवा, टपालवाल्याचा लखोटा, अशा चित्रांनी माझ्या सपाट बाजूही भरल्या. एकाच घरातल्या दोन जावा होत्या. थोरलीने बजावलं होतं, "माझी खुर्ची धाकटीपेक्षा बोटभर उंच हवी." धाकटीने येऊन बजावलं, "थोरलीपेक्षा बोटभर उंच." मिस्त्रीने दोघींची मापं घेतली तर ती तंतोतंत सारखी निघाली. त्याने एकच खाच पाडली, तिच्यावरून दोन खुर्च्या केल्या आणि दोघींना वेगवेगळं गाठून सांगितलं, "तुमचीच उंच आहे, पण बोलू नका." दोघीही बोलल्या नाहीत. वीस वर्षं त्या घरात शांतता नांदली.

आणि मिस्त्रीचं नाव झालं. चार-चार वर्षांनी गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "तीच खुर्ची आणखी एक करा." मिस्त्री डोळे मिटून कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी काम सुरू. लोक थक्क व्हायचे. "काय डोकं आहे माणसाचं," म्हणायचे. कौतुक डोक्याचं व्हायचं आणि झीज माझी. मला राग येत नसे असं म्हणणार नाही. पण त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरू लागला की राग जायचा. खाच लागली की अंगठा थांबायचा, आणि मिस्त्रीला ते माणूस आठवायचं: बाई कशा हसल्या, न्हाव्याची पाठ कुठे दुखते, सगळं. मी स्वतः विचार करत नाही, मित्रांनो. मी लाकूड आहे. पण मिस्त्री विचार करायचा तेव्हा त्यातला थोडा विचार माझ्या अंगावर चालू असायचा, एवढं मी शपथेवर सांगेन.

या बाबतीत शेजारच्या मास्तरांचं मत वेगळं होतं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना मिस्त्रीने केलेली आपली खुर्ची सोडून दुसऱ्या कशावर बसता येत नसे, म्हणून ते गप्पा मारायला येताना खुर्ची बरोबर घेऊन येत. एकदा मिस्त्री सहज म्हणाला, "मास्तर, कधीकधी वाटतं, माझं निम्मं डोकं या दुकानातच असतं. घरी गेलो की मी ठोंब्या."

"चूक," मास्तर म्हणाले. "मन कवटीच्या आत असतं, मिस्त्री. कवटीच्या बाहेर असतं ते सामान."

"नक्की?"

"विज्ञान आहे हे. बरं, मी उठतो. काहीतरी आणायला सांगितलंय घरून." मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. त्याला तीन गाठी होत्या. एकेक गाठ चाचपून ते म्हणाले, "हां. साबण, सुई आणि बायकोला आणायला जायचंय."

हे मास्तरांचं चिन्हही माझ्या अंगावर होतं. गाठ मारलेला रुमाल.

मिस्त्रीची बायको वारली तेव्हा खिशाचं गुपित माहीत असलेले दोघेच उरले, मिस्त्री आणि मी. घरात एक मुलगी होती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची मापं घेते, म्हणजे धंदा तसा घरातलाच. लहानपणी बापाने तिला रंधा मारायला शिकवला होता आणि एक नियम शिकवला होता, "मळलेलं लाकूड म्हणजे अर्धवट टाकलेलं काम." मुलगी नियमाची पक्की होती. एवढ्या गावाला खुर्च्या करणाऱ्या त्या घरात मात्र बसायला एकच खुर्ची होती, आईची. आई उंच होती. मुलगी त्या खुर्चीत बसली की तिची पावलं जमिनीपासून दोन बोटं वर राहत. मिस्त्री रोज बघायचा आणि रोज म्हणायचा, "तुझी करायचीय. हे एवढं काम उरकलं की करतो."

कामं उरकत नसतात, मित्रांनो.

एका सकाळी मिस्त्री दुकानात उभ्याचा खाली बसला आणि बसल्याचा आडवा झाला. लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं. मीही गेले, खिशात. तिथे विजार उतरवली, पिशवीत घातली आणि माझी रवानगी परत दुकानात झाली. पुढचं मी ऐकून सांगते. मिस्त्रीचा उजवा हात लुळा पडला होता. डावा शाबूत होता, आणि तो डावखुरा होता, एवढी एक मेहेरबानी. पण बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतून एकच शब्द शिल्लक राहिला, "तेच."

डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"तेच."

"आज वार कोणता?"

"तेच," मिस्त्री म्हणाला. दवाखान्यातल्या दिवसांपुरतं ते उत्तर बरोबरच होतं, पण डॉक्टरांनी फुली मारली.

शेवटी मुलीने सुचवलं, "त्यांना मापं विचारा ना. मापं पाठ आहेत त्यांना सगळ्यांची."

मुलीकडून एक नाव घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "मास्तरांच्या खुर्चीची बैठक किती उंच? बोटांनी दाखवा हवं तर."

मिस्त्रीने डोळे मिटले, डावा हात कपाळाला लावला. मग तो हात मांडीवर आला आणि चादरीवरून खालीवर फिरू लागला. तिथे विजारही नव्हती आणि खिसाही नव्हता. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "मापांची आठवण गेलेली दिसते. हत्यारांपासून दूर ठेवा."

मुलगी दुकानात आली. तिने जागामालकाला सांगितलं की महिनाअखेरीला किल्ली देते. आणि मग तिने ठरवलं की बाबा परत येतील तेव्हा निदान एकदा त्यांना त्यांचं दुकान लख्ख दिसलं पाहिजे. पटाशांना धार लावली. करवती पुसल्या. पिशवी उघडली तर विजारीतून मी निघाले. तीस वर्षांचा घाम आणि अंगठ्याचं तेल खाऊन काळी झालेली, दोन्ही कडा चावल्यासारख्या.

"अगं बाई," ती मला म्हणाली, "उंदरांनी काय दशा केलीय तुझी."

पुढे जे झालं त्याबद्दल तिला बोल लावू नका, मित्रांनो. तिने बापाचा नियम पाळला. मला टेबलाला जोडलेल्या शिकंज्याच्या जबड्यात नीट धरलं आणि चारी बाजूंनी रंधा मारला. हात फार सुरेख होता तिचा. कात्री गेली, कंगवा गेला, लखोटा गेला, दोन जावांची एकच खाच गेली, मास्तरांचा रुमाल गाठीसकट गेला. मला काही दुखलं नाही. रंधा माझ्यावर फिरत होता आणि कळ, मला वाटतं, तिकडे दवाखान्यात जात होती. वरून तिने पॉलिश पेपर मारला, पॉलिशचा हात दिला आणि मला टेबलावर मधोमध ठेवलं. मी जन्मात इतकी सुंदर दिसले नव्हते आणि जन्मात इतकी निर्बुद्धही नव्हते.

मिस्त्री घरी आला तो आधी दुकानातच आला. एका हाताने दार धरून उभा राहिला. पटाशांकडे बघितलं, करवतींकडे बघितलं. मग मला बघून त्याच्या तोंडावर हसू आलं. त्याने मला डाव्या हातात घेतलं आणि अंगठा कडेवर ठेवून खाली सरकवला. अंगठा थांबला नाही. टोकापर्यंत गेला आणि बाहेर पडला. त्याने मला उलटं केलं. दुसऱ्या कडेवरून फिरवला. पुन्हा बाहेर पडला.

"तेच," तो मुलीला म्हणाला. "तेच? तेच?"

"हो बाबा, तीच. मीच साफ केली. छान झाली ना?"

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. हो म्हणून.

बोलता आलं असतं तरी तो याहून जास्त काही बोलला नसता, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर तो दुकानाच्या दारात खोक्यावर बसून राहायचा, मी मांडीवर. रोज अंगठा वरून खाली जायचा आणि रिकामा परत यायचा. मुलीला वाटलं, दुखणं वाढलं. महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा मास्तर आले. खुर्ची घेऊनच आले. ती मिस्त्रीच्या समोर ठेवली आणि बसता बसता उठले, कारण मिस्त्रीने खुर्चीचा पुढचा पाय धरला होता आणि सोडत नव्हता.

"अरे, बसू दे. माझी आहे ती."

"तेच," मिस्त्री म्हणाला. तो कष्टाने खोक्यावरून जमिनीवर उतरला, मला मास्तरांच्या खुर्चीच्या पायाला लावून उभं केलं, बैठकीशी अंगठ्याचं नख धरलं आणि मान वळवून हत्यारांकडे बघू लागला. नख तसंच. हलू न देता.

"काका, त्यांना पटाशी नका देऊ," मुलगी धावत आली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर त्यांच्या खुर्चीत बसलेत," मास्तर म्हणाले. "इथे मी उभा आहे. दे ती पटाशी. आणि ती पट्टी धर घट्ट."

मुलीने मला धरलं. मिस्त्रीने डाव्या हाताने पटाशी टेकवली. टक.

तो आवाज मास्तरांनी ऐकला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "हा तर गुडघा," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी मी त्या खोक्यावर बसून टाकीकडे बघत होतो, तेव्हा हाच वाजला होता."

मिस्त्री खाचेशेजारी काहीतरी कोरत होता. हळूहळू, जीभ दातांत धरून. रुमाल झाला. मग गाठ झाली.

मास्तर खाली वाकून बघत राहिले. वाकणं त्यांच्या पाठीला मना होतं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "पोरी, ही पट्टी साफ करायच्या आधी कशी होती?"

"काळी होती. उंदरांनी खाल्लेली. अशा खाचा होत्या दोन्ही कडांना आणि..." ती थांबली. बापाकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं. "काका, बाजूला चित्रं होती."

मास्तरांनी सवयीने खिशातला रुमाल बाहेर काढला, त्याच्या चार गाठींकडे बघितलं आणि मुकाट परत ठेवला.

"आपण ते सामान समजलो," ते म्हणाले. "सामान नव्हतं ते."

मुलगी दारातच बसली. "म्हणजे मीच पुसलं," ती म्हणाली. "आजारपणाने शिल्लक ठेवलं होतं ते मी पुसलं." मिस्त्रीने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी रंधा वाकडा गेला की मारायचा तशी. मग मास्तरांच्या खुर्चीवर टिचकी वाजवली, रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "तेच. तेच. तेच."

या वेळी सगळ्यांना नीट कळलं.

मित्रांनो, माझ्यावरचं पुसलं गेलं होतं, पण ते जगातून गेलं नव्हतं. घरोघरी चार पायांवर उभं होतं. मुलगी आणि मास्तर दारोदार सांगत गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानापुढे खुर्च्यांची रांग लागली. शिवणवाल्या बाईंची आली, न्हाव्याची आली, टपालवाल्याची सायकलवरून आली. त्या दिवशी निम्मं गाव उभं होतं, कारण बसायचं सगळं आमच्याकडे होतं. लोकांना खिशाची गोष्ट कळली तेव्हा न्हावी म्हणाला, "म्हणजे आठ वर्षांपूर्वी मी त्या भिकार टाकीकडे उगाच बघत बसलो होतो?" बाई म्हणाल्या, "माझं तेल परत द्या."

मिस्त्री खुर्चीला मला लावायचा, नख धरायचा, मुलगी धरून ठेवायची. टक. एका कडेवर बैठक, दुसऱ्या कडेवर कोपर. उजवा हात तिचा आणि डावा त्याचा, असं दिवसभर चाललं. प्रत्येक खाचेला अंगठा थांबायचा, आणि त्या माणसाकडे बघून मिस्त्रीचा चेहरा उजळायचा. चित्र काय काढायचं ते त्याला एकदाही विचारावं लागलं नाही.

मग दोन जावा आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. थोरलीच्या खुर्चीची खाच पाडली. धाकटीच्या खुर्चीला मला लावलं, तर बैठक नेमकी त्याच खाचेशी आली. मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "अय्या, दोन्ही सारख्याच."

मिस्त्री टाकीकडे बघू लागला.

थोरली म्हणाली, "मला वाटलंच होतं."

धाकटी म्हणाली, "मलाही. पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

त्या दोघी घरी जाताना एकमेकींची खुर्ची घेऊन गेल्या, चुकून की मुद्दाम ते मला ठाऊक नाही.

तीन खाचा मात्र परत आल्या नाहीत. तीन घरं गावातून हलली होती एवढं लोकांना आठवत होतं, पण माणसं कोण आणि खुर्च्या कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. मुलीने पुनःपुन्हा विचारलं, "बाबा, आणखी कोण होतं?" मिस्त्रीने अंगठा फिरवून बघितला आणि नाही म्हणून मान हलवली. ते तिघे आम्ही दोघेही विसरलो. ते जिथे असतील तिथे त्यांचे पाय जमिनीला टेकलेले असोत.

महिनाअखेरीला जागामालक किल्ली न्यायला आला. मुलगी म्हणाली, "किल्ली नाही देता येणार. बाबांचं डोकं आत आहे." जागामालकाने मास्तरांकडे बघितलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "विज्ञान आहे हे." जागामालकाची स्वतःची खुर्ची रांगेत आठवी होती, त्यामुळे त्याने फार ताणलं नाही.

त्याच संध्याकाळी मुलगी चष्म्याच्या दुकानातून सुटून आली तेव्हा मिस्त्रीने खोकं मधोमध ओढून ठेवलं होतं. त्याने तिला बोटाने खुणावलं, बस.

"मी कशाला, बाबा?"

"तेच."

ती चप्पल काढून बसली. सवयीने तिने मान ताठ केली आणि नजर खिडकीबाहेर टाकीकडे लावली. मिस्त्रीने तिची हनुवटी धरून तोंड आत वळवलं आणि मला तिच्यासमोर धरलं. बघ, म्हणून. मग तिच्या गुडघ्यामागे मला उभं केलं. नख धरलं. खाच पाडली आणि पटाशी तिच्या हातात दिली, शेजारी काय कोरायचं ते तिचं तिने ठरवावं म्हणून. तिने बराच विचार केला आणि एक छोटा रंधा कोरला. मिस्त्री इतका हसला की त्याला खोक्याचा आधार घ्यावा लागला.

ती खुर्ची व्हायला दोन महिने लागले, कारण दोन माणसांचे मिळून दोन हात एका तालात यायला वेळ लागतो. पण आता आईच्या खुर्चीशेजारी ती उभी आहे, आणि संध्याकाळी मुलगी तिच्यात बसली की जमिनीवर दोन पावलं टेकतात. मिस्त्रीला आणखी चार-पाच शब्द परत मिळालेत. तो ते जपून वापरतो.

आता तुम्ही विचाराल, पट्टीबाई, तुमच्या खुणा तर सगळ्या पुसल्या गेल्या, मग तुम्हाला हे जुनं सगळं आठवतं कसं? रास्त प्रश्न आहे. मला नाहीच आठवत. मुलगी लाकूड घासता घासता गिऱ्हाइकांना सांगते, मास्तर मध्येमध्ये दुरुस्त करतात, जावा येऊन भर घालतात, आणि मी ऐकते. माझं मनही माझ्यात नाही, मित्रांनो. पुष्कळांनी ते वाटून घेऊन सांभाळलंय, आणि त्यांची मी ऋणी आहे.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी मनाचा तुकडा असाच कुठेतरी पडलेला असेल. आजोबांच्या उशाखालचा कळकट कागद असेल, आईने डब्याच्या झाकणावर मारलेल्या रेघा असतील, शेजारच्या काकांच्या रुमालाची गाठ असेल. तुम्ही जरूर स्वच्छता करा. स्वच्छता चांगलीच. फक्त घासायला घेण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा, आणि तो नुसतं "तेच" म्हणाला तर जरा थांबून बघा, बोट कुठे दाखवतोय ते. आणि तुमचं स्वतःचं डोकं जिथे कुठे ठेवलं असेल, ते लपवू नका. लपवलेलं डोकं एक दिवस आपलंच माणूस प्रेमाने पुसून टाकतं.

मी आता खिशात राहत नाही. दुकानात दारासमोरच्या भिंतीवर मला एक खिळा दिलाय. मिस्त्रीचा गुडघाही छान वाकतो. लोक म्हणतात, तेलाचा गुण. परवाच एक नवीन गिऱ्हाईक आलं. खोक्यावर बसलं, मान ताठ केली आणि जुन्या लोकांकडून ऐकलेलं असावं, म्हणून विचारलं, "त्या टाकीकडे बघायचं ना?"

"नाही," मुलगी म्हणाली आणि मला खिळ्यावरून काढून बापाच्या डाव्या हातात दिलं. "हिच्याकडे बघा."